अपग्रेडचे पैसे नक्की कधी घ्यावेत?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. इथे सॉफ्टवेअर बनवणारेही आहेत आणि विकत घेणारेही, म्हणून हा प्रश्न इथेच टाकतोय.

आम्ही दोघं मिळून एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर विकतो. प्रयोगशाळेत येणाऱ्या नमुन्यांच्या नोंदी, लेबलं, रिपोर्ट वगैरे. पैसे एकदाच घ्यायचे, लायसन्स कायमचं, आणि आत्तापर्यंतचे सगळे अपडेट फुकट दिले. आता पुढची मोठी व्हर्जन तयार होत आलीये आणि तिच्यातलं बहुतेक काम ग्राहकाला दिसणारच नाही. ३२ बिटचं जुनं इंजिन काढून ६४ बिट केलं, डेटाबेस बदलला, ज्या लायब्ररीवर (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर) सगळा डोलारा उभा होता ती तिच्या मूळ लोकांनी सोडून दिली म्हणून दुसरी बसवली. नवीन म्हणून दाखवावीत अशी फीचर्स मोजकीच. पण हे केलं नसतं तर थोड्याच काळात नव्या मशीनवर आमचं सॉफ्टवेअर उघडलंच नसतं.

तर याचे पैसे घ्यावेत का? पार्टनर म्हणतो, काम केलंय, घ्यायचे. मला पटतं पण घास गिळवत नाही, कारण ग्राहकाच्या हातात काल जे होतं तेच उद्याही असणार. तुम्ही ग्राहक असाल तर काय वाटेल आणि विकणारे असाल तर काय करता, दोन्ही सांगा.

चष्मिश
चांगला विषय. वाचतेय, सविस्तर रात्री लिहिते.

रानवारा
यात अवघड काय आहे? बग दुरुस्ती फुकट, नवीन फीचरला पैसे. झालं.

टिंबटिंब
@रानवारा, इतकं सोपं असतं तर धागाच निघाला नसता. बग कशाला म्हणायचं हेच ठरत नाही ना. वायटूके, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांच्या तारखा चुकण्याचा घोळ, आठवा. १९९० च्या दशकाच्या शेवटी काही कंपन्या म्हणत होत्या की नवीन व्हर्जन विकत घ्या, तिच्यात २००० साल नीट चालतं, आणि ग्राहक म्हणत होते की तारीख चुकणं हा तुमच्या मालातला दोष आहे, तो फुकट काढून द्या. अमेरिकेत यावरून कोर्टात दावे झाले. दुरुस्ती एकच, पण विकणाऱ्याच्या लेखी अपग्रेड आणि घेणाऱ्याच्या लेखी बग.

आणि अर्धविराम यांचा प्रश्न तर तिसराच आहे. हा बगही नाही, फीचरही नाही. आजूबाजूचं जग बदललं म्हणून करावं लागलेलं काम आहे. ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आणली तेव्हा ३२ बिटची सगळी ॲप्स बंद पडली. काल चालत होती, आज नाही. ज्याने ते ॲप बनवलं त्याचा दोष कुठला आणि ज्याने विकत घेतलं त्याचा तरी कुठला?

रानवारा
हां, हा मुद्दा मान्य. पण मग मी म्हणेन पैसे घ्याच. बिल्डरने घर विकलं, पुढे नगरपालिकेने समोरचा रस्ता दोन फूट उंच केला आणि पावसाचं पाणी घरात यायला लागलं, तर बिल्डर काय फुकटात जोतं उचलून देतो का?

चष्मिश
रात्रीपर्यंत थांबवलं नाही, हे वाचून लगेच लिहितेय.

@रानवारा, घराचं उदाहरण इथे लागू पडत नाही. बिल्डर नाही आला तर मी दुसरा गवंडी बोलावते, तोही नाही जमला तर स्वतः चार विटा रचते. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड फक्त विकणाऱ्याकडे असतो. जगात दुसरं कोणीच ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणजे दुरुस्तीचा मक्ता तुम्ही स्वतःकडेच ठेवलाय, आणि मक्ता ठेवला की जबाबदारीही जास्त येते. पैसे घेऊच नका असं मी म्हणत नाहीये, पण 'आमचा काय संबंध, जग बदललं' असं म्हणून विकणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत.

कळलाव्या
सगळ्यात प्रामाणिक व्हर्जन नंबर डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक (TeX) या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचा. ३.१, मग ३.१४, मग ३.१४१ असं गणितातल्या पायच्या (π) जवळ जवळ सरकत राहतं, आणि २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३ वर पोचलं. यात 'मेजर अपग्रेड' विकायला जागाच नाही :)

स्वच्छंदी
कळलाव्या :D

जुनाखोड
मोठ्या कंपन्यांना सिस्टीम विकण्यात माझं बरंच आयुष्य गेलं, तिथे हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवलेला असतो. लायसन्सचे पैसे वेगळे आणि वर्षाची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) वेगळी. ऑरॅकलचंच उदाहरण घ्या, सपोर्टची फी वर्षाला लायसन्सच्या निव्वळ रकमेच्या २२ टक्के. म्हणजे पाच वर्षांत लायसन्सची किंमत पुन्हा एकदा भरून वर थोडे जास्तच गेले. पण त्यात पॅच (छोट्या दुरुस्त्या), नवीन व्हर्जन, नव्या ओएसवर (ऑपरेटिंग सिस्टीमवर) चालवणं सगळं आलं. ग्राहक कुरकुर करतो पण भरतो, कारण त्याच्या बजेटमध्ये तशी ओळच असते आणि उद्या काय येणार हे त्याला आज माहीत असतं.

छोट्या ग्राहकाला एएमसी म्हटलं की तो विचारतो, चालतंय ना? मग कशाचे पैसे? आणि विकणाराही गिऱ्हाईक तुटेल या भीतीने गप्प बसतो. मग ते सगळं न मागितलेलं मेन्टेनन्स साठत जातं आणि एक दिवस 'नवीन व्हर्जन' या नावाखाली एकदम वसूल करायची वेळ येते. अर्धविराम, तुमचं नेमकं हेच झालंय. सॉफ्टवेअर आहे तिथे उभं ठेवण्याचं काम खरं असतं, खर्चाचं असतं, आणि ते दर वर्षी होत असतं. त्याचा आकडा ग्राहकाला पहिल्या दिवशी दाखवायला हवा.

अर्धविराम
@जुनाखोड काका, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत. आमच्या वेबसाइटवर 'कायमचं लायसन्स' एवढंच आहे. अपडेट किती काळ मिळतील याबद्दल एक अक्षर नाही.

निशाचर
एक गोष्ट मात्र या सगळ्यातून बाहेर ठेवा, ती म्हणजे सिक्युरिटी. तिचे पैसे कधीच घेऊ नयेत, कारण नुकसान फक्त त्या ग्राहकाचं होत नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यानंतर ज्या संस्था कस्टम सपोर्टचे पैसे भरत होत्या त्यांच्यासाठी पॅच बनतच होते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर आलं, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांचं काम ठप्प झालं, आणि मायक्रोसॉफ्टने तो एक्सपीचा पॅच सगळ्यांसाठी फुकट खुला केला. आधीच दिला असता तर?

सावकाश
@निशाचर, भावना बरोबर, पण वॉनाक्रायने लागण झालेली बहुतेक मशीन एक्सपीची नव्हती, विंडोज ७ ची होती. आणि ७ साठीचा पॅच तर दोन महिने आधी, मार्चमध्येच फुकट येऊन पडला होता. लोकांनी टाकला नव्हता.

निशाचर
बरोबर आहे. पण त्यातून माझा मुद्दा आणखी पक्काच होतो. फुकट, वेगळा, छोटा पॅचसुद्धा लोक टाकत नाहीत, मग तोच पॅच पैसे भरून घ्यायच्या मोठ्या अपग्रेडमध्ये गुंडाळून दिला तर कोण टाकणार? म्हणून दोन गोष्टी: फुकट द्या, आणि फीचर्सपासून वेगळा द्या. युरोपियन युनियनच्या सायबर रेझिलियन्स ॲक्टमध्ये हेच आलंय. सिक्युरिटी अपडेट मोफत, शक्य तिथे फीचर्सपासून वेगळे, आणि सपोर्टचा काळ साधारणपणे किमान पाच वर्षं. त्यातल्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतायत. युरोपात एकही लायसन्स विकत असाल तर वाचून ठेवा.

रानवारा
पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेमकं उलटंच केलं ना? १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला आणि पुढच्या एका वर्षाच्या पॅचसाठी घरगुती ग्राहकांपुढे ३० डॉलरचा पर्याय ठेवला.

निशाचर
हो, आणि मला ते पटलेलं नाही. बिनपैशाचे मार्गही होते त्यात, पण ज्याचं मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाही त्याला हे मुळात का शोधावं लागावं?

सावकाश
पण कुठेतरी थांबावंच लागणार ना. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये. दहा वर्षांहून जास्त काळ. दोन माणसांच्या कंपनीने किती जुन्या व्हर्जन जिवंत ठेवायच्या?

निशाचर
थांबा ना, पण तारीख आधीच सांगून थांबा. एवढंच म्हणणं आहे.

मृद्गंधा
मी अशाच एका प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे ग्राहकाच्या बाजूने लिहिते. इथे सगळे लायसन्सच्या पैशांबद्दलच बोलताय, आमचा खर्च वेगळाच असतो.

आमच्याकडे सॉफ्टवेअरची व्हर्जन बदलली की ते पुन्हा व्हॅलिडेट करावं लागतं. म्हणजे ठरलेले नमुने घालून बघायचे, जुन्या आणि नव्या व्हर्जनचे रिपोर्ट ताडून बघायचे, मशीनमधून येणारी आकडेवारी नीट उतरतेय का बघायचं, कागदपत्रं करायची, सह्या घ्यायच्या, लोकांना ट्रेनिंग द्यायचं. ते करताना रोजचं काम थांबत नाही, त्याच माणसांनी दोन्ही करायचं. त्यामुळे 'घ्या, अपग्रेड फुकट आहे' असं कोणी म्हटलं की मला आनंद होत नाही. फुकट अपग्रेडसुद्धा आम्हाला महागच पडतो, आणि तो जबरदस्तीने आला तर जास्तच. एकदा एका सॉफ्टवेअरने रातोरात स्वतःला अपडेट केलं, रिपोर्टमधल्या एका रकान्याची जागा बदलली आणि सकाळी पुढचं कुठलंच मशीन तो रिपोर्ट वाचेना. पूर्ण दिवस आम्ही हाताने आकडे भरत बसलो, आणि प्रत्येक आकडा दोघींनी तपासायचा. त्या अपडेटचे पैसे नव्हते बरं का.

मला विचाराल तर मी आनंदाने पैसे देईन, पण बदलासाठी नाही, बदल न होण्यासाठी. मला हवंय ते असं: जी व्हर्जन मी तपासून घेतलीये तीच अजून इतकी वर्षं चालेल, तिला सिक्युरिटीचे पॅच मिळतील, आणि नवीनवर कधी जायचं ते मी ठरवेन. याला कोणी वर्षाचे पैसे मागितले तर वरिष्ठांकडून मंजूर करून घेणं मला 'नवीन व्हर्जन घ्यायचीये' यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

चष्मिश
मृद्गंधा, सुंदर प्रतिसाद. हा कोन माझ्या डोक्यातच नव्हता.

टिंबटिंब
+१. लिनक्सच्या जगात एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) म्हणतात ते हेच. उबुंटू नावाच्या लिनक्सचे एलटीएस रिलीज पाच वर्षं सांभाळतात आणि त्यानंतरही तिथेच राहायचं असेल तर संस्थांना पैसे भरून मुदत वाढवता येते. म्हणजे जुन्याला चिकटून राहायचे पैसे, नव्याचे नाहीत. आपण इथे उलटं गृहीत धरून बसलोय.

स्वच्छंदी
मला एक कळत नाही, काही जण आयुष्यभर फुकट अपडेट कसे देतात मग? एफएल स्टुडिओ हे संगीताचं सॉफ्टवेअर बनवणारे वर्षानुवर्षं देतायत. एकदा घ्या, पुढच्या सगळ्या व्हर्जन फुकट.

सावकाश
त्यांना दर वर्षी संगीत शिकणारी नवीन पोरं मिळतात. वर महागड्या एडिशन आणि प्लगिन विकता येतात. प्रयोगशाळांची संख्या अशी वाढत नाही. नवीन ग्राहक येणं मंदावलं की जुन्यांच्या अपडेटचा खर्च कुठून काढणार? फुकट कायम द्यायचं असेल तर पैसा दुसऱ्या कुठल्या तरी दारातून यायला लागतो. ॲपलचंच बघा ना. मॅकची ओएस २००७ मध्ये १२९ डॉलर, २००९ मध्ये स्नो लेपर्ड २९ डॉलर, २०१३ मध्ये मॅव्हरिक्स फुकट. फुकट करणं परवडलं कारण त्यांचा पैसा मशीन विकण्यात आहे.

जुनाखोड
अवांतर होईल पण ॲपलवरून आठवलं म्हणून लिहितो, कारण हिशेबनीसच किंमत ठरवतात असं उदाहरण विरळाच. २००८ मध्ये आयफोनला २.० अपडेट फुकट होता आणि आयपॉड टचला त्याच अपडेटचे ९.९५ डॉलर. लोक चिडले की हा भेदभाव का. कारण होतं अकाउंटिंग. आयफोनचं उत्पन्न ते दोन वर्षांत पसरून दाखवत होते, म्हणून मध्ये नवीन फीचर्स फुकट दिली तरी हिशेब बिघडत नव्हता. आयपॉडचं सगळं उत्पन्न विक्रीच्या वेळीच दाखवून मोकळे झालेले, मग नंतर फुकटात मोठी भर घातली तर त्या वेळच्या नियमांनुसार प्रश्न आला असता की विक्री पूर्ण झालीच कुठे होती? २००९ मध्ये अमेरिकेतले ते नियम बदलले आणि २०१० चा आयओएस ४ आयपॉड टचलाही फुकट मिळाला.

कळलाव्या
काका, हे माहीतच नव्हतं! असे अवांतर प्रतिसाद येत राहू देत.

रानवारा
मग सरळ सबस्क्रिप्शन का नाही करत? सगळे तेच करतायत. फोटोशॉपवाल्या ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की सीएस ६ नंतर पेटीतली व्हर्जन नाही, आणि आज त्यांचं उत्तम चाललंय.

चष्मिश
कारण त्यात भरणं थांबवलं की सॉफ्टवेअर बंद होतं. प्रयोगशाळेचे जुने रेकॉर्ड त्यात आहेत हो! एका वर्षी बजेट नाही मिळालं तर मागच्या नोंदीसुद्धा उघडायच्या नाहीत? ज्याने कायमचं म्हणून घेतलंय त्याला असं मध्येच भाड्यावर आणणं मला अन्यायाचं वाटतं, आणि यावर माझं मत बदलणार नाही.

प्रोग्रॅमरची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सचं उदाहरण मला जास्त योग्य वाटतं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनीही निव्वळ सबस्क्रिप्शन जाहीर केलं होतं, डेव्हलपर लोक खवळले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी योजना बदलली. वर्षभर पैसे भरलेत तर त्या वर्षाच्या सुरुवातीला जी व्हर्जन होती ती कायमची तुमची. पुढे भरलं नाही तरी ती चालत राहणार. स्केच या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने २०१६ मध्ये साधारण असंच केलं, वर्षाचे अपडेट आणि नंतर हातात आहे ते तुमचं. सब्लाइम टेक्स्ट या कोड एडिटरचं वैयक्तिक लायसन्स घेतलं की तीन वर्षांचे अपडेट. यात मोठी व्हर्जन कुठली, छोटी कुठली, हा वादच उरत नाही. फीचर तयार झालं की लगेच देता येतं, 'पुढच्या मेजरसाठी राखून ठेवू' असं करावं लागत नाही.

टिंबटिंब
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). शिवाय यात विकणाऱ्यालाही शिस्त लागते. भरणं थांबवलं तरी ग्राहकाकडे चालणारी व्हर्जन राहते, म्हणजे पुढच्या वर्षी त्याने परत यावं असं काम करून दाखवावं लागतं.

स्वच्छंदी
आणि जुन्या ग्राहकाला सवलत हवीच हं. अफिनिटी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्जन २ आणली तेव्हा सगळ्यांना सरसकट ४० टक्के सूट दिली, जुन्यांसाठी वेगळी अपग्रेड किंमत नाही. रक्कम वाईट नव्हतीच, पण मी पहिल्या व्हर्जनपासून बरोबर आणि आज पहिल्यांदा येणाऱ्यालाही तीच किंमत, हे अनेकांना लागलं. मलाही.

सावकाश
ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये मुळात अपग्रेडची वेगळी किंमत लावायची सोयच नाही, त्यामुळे पुष्कळ जण सबस्क्रिप्शनकडे ढकलले गेले. अर्धविराम, तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून विकताय तर ती अडचण तुम्हाला नाही.

अजून दोन गोष्टी ज्या लोक विसरतात. एक, ॲक्टिव्हेशन, म्हणजे लायसन्स खरं आहे का हे विकणाऱ्याच्या सर्व्हरला विचारणं. जुन्या व्हर्जनचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला तर कायमच्या लायसन्सला काही अर्थ राहत नाही, हार्ड डिस्क गेली की खेळ संपला. जुन्या व्हर्जनचा शेवटचा इन्स्टॉलर ॲक्टिव्हेशनशिवाय चालेल असा काढून ठेवा. दोन, फाइल फॉरमॅट. तुम्ही डेटाबेस बदललाय म्हणता. एका प्रयोगशाळेने नवीन घेतलं आणि तिने पाठवलेली फाइल दुसरीच्या जुन्या व्हर्जनमध्ये उघडली नाही, तर दुसरीला तुम्ही मागच्या दाराने पैसे भरायला लावताय. ऑफिस २००७ ने डॉकएक्स हा नवा फाइल फॉरमॅट आणला तेव्हा मायक्रोसॉफ्टने जुन्या ऑफिस २०००, एक्सपी, २००३ वाल्यांना ते उघडता यावं म्हणून कम्पॅटिबिलिटी पॅक फुकट दिला होता. तसं काहीतरी करा.

मृद्गंधा
@सावकाश, फाइल फॉरमॅटबद्दल अगदी अगदी. नमुने इकडून तिकडे जातात तेव्हा त्यांच्या नोंदीही जातात.

अर्धविराम
सगळे प्रतिसाद पार्टनरसोबत बसून वाचले. आमचं ठरतंय ते असं, अजूनही कुठे खटकत असेल तर सांगा.

नव्या व्हर्जनचे पैसे घ्यायचे, आणि कशाचे घेतोय ते लपवायचं नाही. 'नवीन आकर्षक फीचर्स' असं काही लिहिणार नाही, सरळ लिहू की आतलं इंजिन बदललंय, त्यामुळे हे इथून पुढच्या मशीनवर चालेल, आणि हे काम करायला खर्च आला. जुन्या ग्राहकांना नव्यापेक्षा कमी किंमत. त्यात एक वर्षाचे अपडेट, पुढे हवं तर वर्षाचे पैसे भरा, नाही भरले तर शेवटची मिळालेली व्हर्जन तुमची.

ज्यांना जुन्यावरच राहायचंय त्यांना सिक्युरिटीचे आणि चुकीचे आकडे दाखवणारे बग फुकट दुरुस्त करून देणार, शेवटची तारीख आजच जाहीर करून. त्यानंतर ॲक्टिव्हेशन नसलेला इन्स्टॉलर. नवीन फॉरमॅटमधून जुन्यात नोंदी काढून द्यायची सोय मात्र अजून लिहिलेलीच नाही, ती झाल्याशिवाय रिलीज करत नाही. आणि मृद्गंधाताई, आपोआप अपडेट बंद, ग्राहकाने स्वतः बटण दाबलं तरच.

निशाचर
तारीख जाहीर करताय हे उत्तम.

चष्मिश
पटलं. फक्त एक, ज्यांनी गेल्या काही महिन्यांतच जुनी व्हर्जन विकत घेतलीये त्यांचं काय? त्यांना मेल येणार की आता परत पैसे भरा?

अर्धविराम
हो, ते राहिलंच. गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्यांना नवीन व्हर्जन फुकट देऊ, पार्टनरही तयार आहे. आणि आजपासून रिलीजपर्यंत जे घेतील त्यांनाही, म्हणजे कोणी 'थांबू का घेऊ' करत बसायला नको.

मृद्गंधा
मग बदललेल्या गोष्टींची यादी रिलीजच्या आधी पाठवा, रिपोर्टमधला एक रकाना हलला असेल तरी तो त्या यादीत हवा. व्हॅलिडेशनची तयारी आम्हाला तिच्यावरूनच करावी लागते.

अर्धविराम
नक्की. यादी करायला घेतलीच आहे, आधी रिपोर्टचंच पान पूर्ण करतो.